युद्धाला विरोध म्हणजे जवानाला विरोध का? व्हिएतनामच्या निमित्तानं, बेळगावातून

येळ्ळूरकर

आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा बैठक असते. या खेपेला विषय होता व्हिएतनाम युद्धाविरुद्ध खुद्द अमेरिकेत उठलेलं आंदोलन. सुरुवात होते न होते तोच एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "घरटी एक फौजी असलेला आपला मुलूख. पोरगं तिकडं बंदूक घेऊन उभं असताना मागं घोषणा देणाऱ्यांचं कौतुक इथं कशाला?" त्यांचा मुलगा आज नोकरीत आहे. पुढं कुणी बोललं नाही, चहा पिऊन सगळे उठले. मला त्यांचं म्हणणं अजिबात पटलेलं नाही. मराठा सेंटरच्या, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असलेल्या गावात तर हा विषय जास्तच बोलायला पाहिजे, म्हणून धागा काढायलोय.

आपल्याकडं त्या आंदोलनाचं चित्र म्हणजे लांब केस, गिटार आणि गांजा. साल धरून बघत गेलं की वेगळंच दिसतं. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात अमेरिकी जहाजांवर हल्ला झाल्याचं सांगून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना युद्धासाठी मोकळीक देणारा ठराव आला. प्रतिनिधीगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध दोन. वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुनिंग ही ती दोन माणसं, आणि १९६८ मध्ये दोघांच्याही जागा गेल्या. मार्च १९६५ मध्ये अमेरिकेचे मरीन सैनिक व्हिएतनामात दा नांगला उतरले. त्याच महिन्यात मिशिगन विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी आधी एक दिवस वर्ग बंद ठेवायचं ठरवलं होतं. त्यावर ओरड झाली, तेव्हा वर्ग बंद करण्याऐवजी त्यांनी रात्रभर वर्ग घेतला. व्हिएतनाम कुठं आहे, फ्रेंच तिथं काय करत होते, १९५४ चा जिनिव्हा करार काय होता, हे पहाटेपर्यंत शिकवलं. सुरुवात अशी आहे.

जनमत पाहणी करणाऱ्या गॅलप संस्थेनं वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारला: सैन्य पाठवलं ही चूक झाली का? ऑगस्ट १९६५ मध्ये 'हो' म्हणणारे २४ टक्के. ऑगस्ट १९६८ मध्ये ५३. मे १९७१ मध्ये ६१. सहा वर्षांत देश उलटा फिरला, आणि एवढा मोठा देश गिटारवर फिरत नाही. १९६८ या एका सालात अमेरिकेचे सोळा हजारांवर जवान मेले. जून १९६९ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकानं एका आठवड्यात मेलेल्या दोनशेहून जास्त जणांचे फोटो छापले. बहुतेक शाळेच्या निरोप समारंभाचे नाहीतर नव्या वर्दीतले. पानामागून पान नुसते चेहरे, खाली नाव, वय आणि गाव. आपल्याकडं पेपरात श्रद्धांजलीच्या पानावर फोटो येतात ना, तसेच. ते बघून ज्या आईबापांच्या मनात पहिल्यांदा प्रश्न आला, ते जवानाच्या विरोधात होते असं कोण म्हणेल?

माझं म्हणणं एवढंच. तो विरोध वाढला तो घराघरांतून आणि खुद्द जवानांतून. सगळ्यांनी लिहा, विशेषतः फौजी घरातल्यांनी.

निपाणीची लेक

चांगला विषय, दादा. पण एक शंका. त्यांच्याकडं सक्तीची भरती होती. आपल्याकडं कधीच नव्हती. पोरं पहाटे उठून पळायचा सराव करतात, भरतीत नंबर लागला नाही तर रडतात. मग त्यांचा विरोध आपल्याला कसा लागू व्हायचा? आणि ती सक्ती चालायची कशी, हे कुणी नीट सांगेल का?

बेळगावकर पुण्यात

मी इतिहास शिकवतो, त्यामुळं हे मी सांगतो.

देशभर चार हजारांच्या आसपास स्थानिक मंडळं होती. त्यांत सरकारी अधिकारी नसत, त्याच भागातली प्रतिष्ठित माणसं असत, आणि कुणाला पाठवायचं, कुणाला सूट द्यायची हे तीच ठरवत. कॉलेजात शिकत असलेल्याला सूट होती. ज्याच्या बापाकडं फी भरायला पैसे, त्याचं पोरगं वर्गात. ज्याच्याकडं नाहीत, त्याचं पोरगं पलटणीत. १९६४ ते १९७३ या काळात साधारण बावीस लाख तरुण असे भरती केले गेले. काळ्या लोकांचा राग इथूनच होता. मार्टिन ल्यूथर किंग यांनी ४ एप्रिल १९६७ ला न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये युद्धाविरुद्ध उघड भाषण केलं, तेव्हा त्यांच्याच बाजूचे लोक म्हणाले की हा विषय कशाला काढता, नागरी हक्कांच्या कामाला खीळ बसेल. मोठमोठ्या पेपरांनी झोडपलं. बरोबर एक वर्षानं, त्याच तारखेला, त्यांचा खून झाला. त्याच एप्रिल १९६७ मध्ये मुहम्मद अलीनं ह्यूस्टनला भरती व्हायला नकार दिला. जगज्जेतेपद काढून घेतलं, ऐन उमेदीची तीन वर्षं रिंगणाबाहेर गेली. सुप्रीम कोर्टानं शिक्षा रद्द केली ती जून १९७१ मध्ये.

ओरड फार झाल्यावर १ डिसेंबर १९६९ ला सोडत काढली. काचेच्या मोठ्या बरणीत ३६६ निळ्या कुप्या, प्रत्येकीत एक जन्मतारीख. टीव्हीवर थेट दाखवलं. पहिली तारीख निघाली १४ सप्टेंबर. ज्यांचा जन्म त्या दिवशीचा, ते पहिले जाणार. त्या सोडतीतले १९५ नंबरापर्यंतचे बोलावले गेले. घरातली सगळी माणसं टीव्हीपुढं बसून आपल्या पोराच्या वाढदिवसाची वाट बघतायत, हे डोळ्यांसमोर आणून बघा.

निपाणीची लेक, तुमच्या शंकेचं उत्तर माझ्या मते असं: सक्ती असली की प्रश्न प्रत्येक घरात शिरतो. सक्ती नसली की तो काही मोजक्या तालुक्यांतच राहतो आणि बाकीच्या देशाला जाणवत नाही. आपला भाग त्या मोजक्यांतला आहे. म्हणून आपण बोललं पाहिजे.

माजी सुभेदार

धागा वाचला. दोनदा लिहून पुसलं, आता पाठवतो.

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झालो. पलटणीचा नंबर लिहीत नाही. श्रीलंकेला शांतिसेनेत होतो, तेव्हा नाईक होतो. जुलै १९८७ मध्ये करार झाला आणि आपली फौज गेली ती श्रीलंका सरकार आणि तमिळ बंडखोर या दोघांमध्ये उभं राहून शांतता राखायला. सुरुवातीला जाफन्यात बायाबापड्यांनी हार घातले. ऑक्टोबरात त्याच गल्ल्यांत तमिळ वाघांशी, म्हणजे लिट्टेशी, लढाई सुरू झाली. ताडाच्या झावळ्यांची कुंपणं, अरुंद बोळ, पायाखाली सुरुंग. समोर साध्या लुंगीतला पोरगा, तो शेतकरी की लढणारा हे कळायला मार्ग नाही. मोठी तोफ वापरायची नाही असा हुकूम, कारण वस्ती. आम्ही हुकूम पाळला. आपले बाराशेच्या आसपास जवान गेले तिथं.

घरच्यांना आम्ही कुठं आहोत ते ठाऊक नव्हतं. पत्रावर फक्त एपीओचा, म्हणजे लष्करी टपाल ऑफिसचा नंबर. सुट्टीवर आलो तर एसटी स्टँडवर लोक विचारायचे, "कुठं, काश्मीरला काय?" श्रीलंका म्हटलं तर "तिथं काय लढाई आहे व्हय?"

मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली. तमिळनाडूचे त्या वेळचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला आले नाहीत. त्यांचं म्हणणं होतं की या फौजेनं तमिळांनाच मारलं. त्यांचं राजकारण त्यांना लखलाभ. पण गोदीवर उतरणाऱ्या जवानानं कुणाकडं बघायचं? आम्ही मनानं गेलो नव्हतो, पाठवलं म्हणून गेलो होतो.

तेव्हा येळ्ळूरकर, तुमच्या बैठकीतल्या त्या गृहस्थांचं दुखणं मला कळतं. नोकरीत असताना जवानाला बोलायची मुभा नाही, आणि नसावीच. मागं जे बोलतात ते आपल्याविषयी बोलतात की आपल्यासाठी बोलतात, हे तिकडं खंदकात बसून कळत नाही.

पण एक सांगतो. श्रीलंकेच्या वेळी आमच्या गावात, तालुक्यात, जिल्ह्यात एकानं जरी विचारलं असतं की ही पोरं तिथं का आहेत आणि कधी परत येणार, तर मला राग आला नसता. कुणी विचारलंच नाही, त्याचं वाईट वाटतं.

चंदगडी

सुभेदारसाहेब, नमस्कार. तुमच्यापुढं आम्ही काय बोलणार. पण येळ्ळूरकरांनी एकच बाजू मांडली, म्हणून दुसरी लिहितो.

अमेरिकेतल्या सामान्य माणसाला ते आंदोलक आवडत नव्हते, हे पण लिहा. ४ मे १९७० ला केंट स्टेट विद्यापीठात आंदोलन चालू असताना नॅशनल गार्डनं, म्हणजे राज्याच्या राखीव फौजेनं, गोळ्या झाडल्या, चार विद्यार्थी मेले, नऊ जखमी. त्यानंतरच्या पाहणीत ५८ टक्के लोकांनी दोष विद्यार्थ्यांनाच दिला, गार्डला फक्त ११ टक्क्यांनी. चारच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये बांधकाम कामगारांनी हेल्मेट घातलेल्या डोक्यांनिशी विद्यार्थ्यांना भर रस्त्यात बडवलं. नोव्हेंबर १९६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी गप्प बसणाऱ्या बहुसंख्यांना हाक दिली आणि १९७२ मध्ये पन्नासपैकी ४९ राज्यं जिंकली. समोर शत्रू वाटाघाटीला बसलेला असताना घरात फूट दिसली तर तो कशाला नमेल? जवानाच्या जिवावर ते उठतं, असं माझं मत आहे.

येळ्ळूरकर

चंदगडी दादा, हे आकडे खरे आहेत आणि ते धाग्यात यायलाच हवे होते. मला मात्र त्यातून दुसरं काही दिसतं. युद्ध नकोसं झालेलं होतं आणि आंदोलकही नकोसे होते, दोन्ही एकाच वेळी, एकाच माणसाला. आपल्याला हे कळायला अवघड जाऊ नये. सीमाभागात आपण सगळे बंद बघत मोठे झालो. शटर ओढताना चिडणारा दुकानदार आणि १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत चालणारा माणूस पुष्कळदा एकच असतो. बंद आवडत नाही म्हणून त्याची मागणी मेली असं कुणी समजलं तर फसेल.

आणि केंट स्टेटचं अजून थोडं. तेरा सेकंदांत ६७ गोळ्या. मेलेल्या चौघांपैकी दोघं आंदोलनात नव्हतेच, एका तासावरून दुसऱ्या तासाला चालले होते. त्यातला एक तर लष्करी अधिकारी होण्याचं शिक्षण घेणारा, सैन्याच्या शिष्यवृत्तीवरचा पोरगा. १ जून १९८६ ला हिंडलग्याला कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनावर गोळीबार झाला, तिथल्या हुतात्मा स्मारकासमोरून आपण येतो जातो. गोळी सुटल्यावर ती कुणाला लागते हे या गावाला शिकवायला नको.

खानापूर जंगल

तुम्ही सगळे श्रीलंकेपासून सुरू करायलाय, पण आपल्या भागातली पोरं परमुलखातल्या लढाईवर जायला लागली त्याला शंभरावर वर्षं झाली. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होत्या. टायग्रिसकाठच्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकल्या, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. तोवर खायला घोड्याचं मांस उरलं होतं. पुढं कैदेत उपासमारीनं आणि रोगानं किती गेले त्याला हिशोब नाही. त्या लढाईत आपलं काय होतं?

दुसऱ्या महायुद्धात तर दोन्ही गोष्टी एकदम झाल्या. १७ ऑक्टोबर १९४० ला विनोबांनी पवनारला पहिला वैयक्तिक सत्याग्रह केला. या युद्धाला माणसं किंवा पैसा देऊ नये असं जाहीर बोलायचं आणि तुरुंगात जायचं. वीस हजारांहून जास्त लोक गेले. त्याच काळात हिंदुस्थानी फौज पंचवीस लाखांवर पोचली, सगळे आपखुशीनं भरती झालेले. यशवंत घाडगे १९४४ मध्ये इटलीत टायबर खोऱ्यात पडले, नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर जखमी जवानांना पाठीवर घेऊन आणलं. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस, दोघं मराठा पलटणीचे. आपल्याकडं कुणी तुरुंगात गेलेल्याला आणि कुणी इटलीत गेलेल्याला एकमेकांचा शत्रू मानलं नाही. स्वातंत्र्यसैनिकाची पेन्शन आणि फौजेची पेन्शन एकाच वाड्यात यायची, अशी घरं मी पाहिलीत.

आता २००३ चं. अमेरिकेनं इराक घेतल्यावर भारताकडं फौज मागितली. एक अख्खी डिव्हिजन, उत्तर इराकसाठी. देशभर विरोध होता, संसदेनं एप्रिलमध्येच युद्धाविरुद्ध ठराव केला होता. १४ जुलै २००३ ला वाजपेयी सरकारनं सांगितलं की संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसेल तर फौज येणार नाही. हो म्हटलं असतं तर आपली पोरं पुन्हा टायग्रिसच्या काठी उभी राहिली असती. तेव्हा विरोध करणाऱ्यांनी जवानाचं वाईट केलं की भलं, तुम्हीच सांगा चंदगडी दादा.

चंदगडी

२००३ चा निर्णय बरोबरच होता. पण तो जायच्या आधीचा विरोध. माझा मुद्दा पोरं तिथं पोचल्यानंतरच्या विरोधाचा आहे.

शहापूरची सून

मी जवानाची बायको. इथं लिहू का नको असं वाटत होतं.

चंदगडी भाऊ, पोरं पोचल्यानंतरच तर घरचा जीव टांगणीला लागतो. त्याच्या आधी आम्हाला कोण विचारतं? कसम परेडला, म्हणजे जवान शपथ घेतात त्या परेडला, सासूबाई आणि मी गेलो होतो, मैदानावर एवढा अभिमान वाटला की सांगता येत नाही. तो अभिमान आजही आहे. आणि रात्री फोन लागला नाही तर मी टीव्ही बंद करून ठेवते, तेही आजच आहे. दोन्ही माझ्याच घरात आहे.

अमेरिकेतल्या बायकांविषयी मला आमच्या मुलीच्या प्रोजेक्टमुळं कळलं. नोव्हेंबर १९६९ मध्ये वॉशिंग्टनला मोठा मोर्चा निघायच्या आधी लोक दीड-दोन दिवस, रात्रीसुद्धा, एकामागं एक ओळीनं चालले. आर्लिंग्टनच्या लष्करी स्मशानभूमीपासून निघायचं. प्रत्येकाच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी, पाटीवर एका मेलेल्या जवानाचं, नाहीतर उद्ध्वस्त झालेल्या एखाद्या व्हिएतनामी गावाचं नाव. व्हाइट हाउससमोर आलं की थांबून ते नाव मोठ्यानं उच्चारायचं आणि पुढं जाऊन पाटी शवपेटीत ठेवायची. चाळीस हजारांच्या वर माणसं चालली. काहींच्या पाटीवर स्वतःच्या मुलाचं, नवऱ्याचं, भावाचं नाव होतं.

त्यांनी जवानाच्या विरोधात एक अक्षर काढलं नाही. फक्त नाव घेतलं. सुभेदार काका म्हणतात कुणी विचारलंच नाही, ते वाचून मला खूप रडू आलं.

बेळगावकर पुण्यात

वैनी, फार चांगलं लिहिलंत. याला जोडून, कारण चंदगडींचा प्रश्न पोरं पोचल्यानंतरचा आहे: पोचलेली पोरंच बोलायला लागली होती. १९६८ च्या सुमारास छावण्यांच्या गेटबाहेर कॉफीची दुकानं निघाली. आपल्या कॅम्पाच्या बाहेर कुणी एक चहाची टपरी काढावी आणि तिथं जवानांनी आपसात मोकळं बोलावं, तसं. छावण्यांत जवानांनीच काढलेली चोरटी वार्तापत्रं फिरत. परत आलेल्यांनी १९६७ मध्येच स्वतःची युद्धविरोधी संघटना बांधली होती. एप्रिल १९७१ मध्ये तिचा तरुण प्रतिनिधी जॉन केरी सिनेटच्या समितीपुढं वर्दीत बसला आणि त्यानं विचारलं, चुकीसाठी मरणारा शेवटचा माणूस हो, असं तुम्ही कुणाला सांगणार? दुसऱ्या दिवशी कॅपिटॉलच्या पायऱ्यांसमोर घातलेल्या तारेच्या कुंपणावरून शेकडो माजी सैनिकांनी आपली पदकं आत फेकली. कुणी मेलेल्या सोबत्याचं नाव घेऊन, कुणी काही न बोलता. एकदोघं कुबड्यांवर होते.

माजी सुभेदार

मी फेकणार नाही. ते वाचूनसुद्धा हात थरथरला. माझं मेडल ज्या दिवशीचं आहे त्या दिवशी माझ्या डाव्या बाजूला सातारचा एक पोरगा होता. ते त्याचंही आहे, मी एकटा कसं फेकू.

पण ज्यांनी फेकलं त्यांना मी नावं ठेवणार नाही. ते तिथं जाऊन आलेले होते. त्यांचा हक्क आहे.

निपाणीची लेक

शेवटी त्या आंदोलनानं युद्ध थांबलं का, हे कुणी स्पष्ट सांगा. चंदगडी भाऊ म्हणतात तसं लांबलं असेल तर?

येळ्ळूरकर

लगेच थांबलं नाही. पण अडवलं नक्की. १९६९ मध्ये निक्सन यांनी उत्तर व्हिएतनामला १ नोव्हेंबरची मुदत दिली होती, नाहीतर फार मोठा हल्ला करणार होते. १५ ऑक्टोबरला देशभर लाखो लोक रस्त्यावर आले. ऑफिसातले, दवाखान्यातले, शाळेतले, दंडाला काळी फीत बांधून. तो हल्ला झाला नाही, आणि आंदोलनामुळं आपल्या इशाऱ्यातली हवा गेली असं खुद्द निक्सन यांनी नंतर लिहून ठेवलं. चंदगडी दादा याच वाक्याचा उलटा अर्थ लावतील हे मला माहीत आहे.

१९७१ मध्ये मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं, कारण मरायला अठरा चालतात तर मत द्यायला का नाही, याला कुणाकडं उत्तर नव्हतं. १९७३ मध्ये पॅरिस करार झाला आणि सक्तीची भरतीही संपली. पण निक्सन सत्तेवर आल्यानंतर अजून वीस हजारांवर अमेरिकन जवान मेले होते. एकूण ५८ हजारांवर. आणि व्हिएतनामी माणसं लाखांनी मेली, त्यांच्या गावांची नावं तेवढी काही पाट्यांवर आली. हे मला शहापूरच्या वैनींचं वाचताना सारखं टोचत होतं.

चंदगडी

उलटा अर्थ लावणारच, माझं मत बदललेलं नाही. पण वैनींनी आणि सुभेदारसाहेबांनी लिहिलं त्यावर वाद घालायची माझी इच्छा नाही. एक विचारतो. श्रीलंकेत गेलेले आपल्या सीमाभागातले कोण कोण, याची तालुकावार यादी कुणाकडं आहे का? चंदगड, खानापूर, बेळगाव, निपाणी. सरकार कुठलंही असो, पोरं आपली होती.

खानापूर जंगल

माझ्या माहितीत आमच्या भागातलं एक घर आहे. यादी नाही बघितली कधी.

शहापूरची सून

मुलीला आणि तिच्या मैत्रिणींना लावते कामाला. गावोगाव फोन करायला पोरी तयार आहेत. काका, सुरुवात कुठून करायची?

माजी सुभेदार

माजी सैनिकांच्या ऑफिसात जुनी रजिस्टरं असतात, मी सोमवारी जातो. पोरींना सांग, नुसत्या नावावर सापडत नाही. गाव, पलटण आणि साल तिन्ही लिहून आणायला सांग. वीरपत्नी हयात असेल तर आधी तिला विचारायचं, तिनं नको म्हटलं तर नाव लिहायचं नाही. चंदगडचं तुम्ही बघा, चंदगडी. तिकडं कोल्हापूरचं ऑफिस लागतं, आमच्याकडं ते कागद येत नाहीत.

चंदगडी

बघतो. गडहिंग्लजला एक ओळखीचे हवालदार आहेत, त्यांना उद्याच फोन लावतो.